गर्भातील बाळाचा श्वास आणि मातेचे ताट

प्रसूतिगृहाच्या दाराबाहेर ताटकळत उभी असलेली मंडळी बाहेर आलेल्या परिचारिकेला सर्वप्रथम काय विचारतात? मुलगा की मुलगी, हा प्रश्न नंतरचा. अनुभवी आजीबाईंच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो हा : “बाळ रडले का?” त्या एका प्रश्नात शतकानुशतकांचे शहाणपण साठलेले आहे. बाळ रडले म्हणजे त्याने श्वास घेतला, आणि श्वास घेतला म्हणजे ते जगले. जे बाळ रडत नाही, निळे पडते, त्याच्याभोवती क्षणार्धात धावपळ सुरू होते. कधी कधी त्याच धावपळीत धर्मगुरूंनाही बोलावणे येते आणि इवल्याशा कपाळावर घाईघाईने बाप्तिस्म्याचे पाणी ओतावे लागते. अशा प्रसंगी मातेच्या डोळ्यांत जो प्रश्न दिसतो, त्याचे उत्तर कोणत्याही ग्रंथातून चटकन देता येत नाही.

हा प्राणवायूचा अभाव आधीच ओळखून त्याला तोंड देण्याची तयारी बाळाच्या शरीरात करून ठेवता येईल काय? आणि तीही मातेच्या आहारातून? ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात काही संशोधक गेली अनेक वर्षे या प्रश्नाचा पाठपुरावा करीत आहेत. त्यांच्या कार्याची ओळख आमच्या वाचकांना करून द्यावी, त्यातील आशा किती आणि अजून सिद्ध व्हावयाचे किती हे स्पष्ट करावे, आणि आपल्या घरातील गर्भवतीसाठी आजच काय करता येईल तेही सांगावे, असा या लेखाचा हेतू आहे.

नाळेतून येणारा श्वास

गर्भातील बाळ फुप्फुसांनी श्वास घेत नाही. त्याचा श्वास मातेच्या रक्तातून, वारेमधून आणि नाळेमधून येतो. नाळेत तीन रक्तवाहिन्या असतात. त्यांपैकी एक प्राणवायूयुक्त रक्त बाळाकडे नेते, तर उरलेल्या दोन वापरलेले रक्त वारेकडे परत आणतात. निर्मात्याची योजना अशी की, गर्भाच्या रक्तातील हिमोग्लोबिन प्रौढांच्या हिमोग्लोबिनपेक्षा प्राणवायूला अधिक घट्ट धरून ठेवते. त्यामुळे मातेच्या रक्तातून प्राणवायू ओढून घेणे बाळाला सुलभ जाते.

मात्र ही वाट कधी कधी अडते. प्रसूतीच्या वेळी नाळ दाबली जाते, वार वेळेआधी सुटते, कळा फार लांबतात, किंवा मातेच्या वाढलेल्या रक्तदाबामुळे वारेचा रक्तपुरवठा आधीपासूनच अपुरा असतो. मग बाळाच्या पेशींना प्राणवायू मिळेनासा होतो. सर्वांत मोठी हानी पोहोचते ती मेंदूला, कारण मेंदूला ऊर्जेची सतत गरज असते आणि ती साठवून ठेवण्याची सोय त्याच्याकडे फारशी नसते. काही बाळे दगावतात. काही वाचतात, परंतु सेरेब्रल पाल्सी, फिट्स किंवा बौद्धिक वाढीतील अडथळे ही त्यांची आयुष्यभराची सोबत होते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात सुमारे २३ लाख बालके जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात मृत्यू पावली. अकाली जन्म व जंतुसंसर्ग यांच्या जोडीला जन्मसमयीची गुदमर हे या मृत्यूंचे एक प्रमुख कारण आहे.

जन्मानंतरच्या उपचाराची मर्यादा

गुदमरलेल्या बाळाच्या मेंदूची हानी एका झटक्यात पूर्ण होत नाही. श्वास सुरू झाल्यानंतर पेशी थोड्या सावरतात, आणि मग काही तासांनी ऊर्जेचा दुसरा तुटवडा पडून त्या मरू लागतात. मधल्या काळात मेंदूला वाचविण्यासाठी श्रीमंत देशांतील रुग्णालयांत बाळाला जन्मानंतर सहा तासांच्या आत थंड करण्यास आरंभ करतात आणि शरीराचे तापमान ७२ तास सुमारे ३३.५ अंश सेल्सियसवर ठेवतात. २००५ सालापासून प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांनी या उपचाराचा लाभ दाखवून दिला आणि तो त्या देशांत रूढ झाला.

आपल्याकडेही तो तसाच लागू पडेल अशी अपेक्षा होती. भारत, श्रीलंका व बांगलादेश येथील मोठ्या रुग्णालयांत ४०८ बाळांवर याची चाचणी घेण्यात आली. त्यांतील एक रुग्णालय मुंबईतील होते. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि ते धक्का देणारे होते. थंड केलेल्या बाळांमध्ये मृत्यू व अपंगत्व यांचे एकत्रित प्रमाण घटले नाही, उलट मृत्यूचे प्रमाण वाढले. आपल्या भागातील बाळांना होणारी इजा वेगळ्या प्रकारची असावी, ती प्रसूतीच्या कितीतरी आधी सुरू होत असावी, असा विचार त्यानंतर तज्ज्ञ मांडू लागले.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. जन्मानंतर धावून जाणे आवश्यकच आहे, परंतु तेवढ्याने भागत नाही. बाळाचे रक्षण जन्माआधी, आईच्या उदरातच सुरू झाले पाहिजे. मेलबर्नच्या संशोधनाचे महत्त्व आपल्याला जाणवते ते याच कारणाने.

क्रिएटिन म्हणजे काय?

या संशोधनाच्या केंद्रस्थानी क्रिएटिन नावाचा एक साधा पदार्थ आहे. शेवरल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३२ साली तो मांसातून वेगळा केला आणि मांसासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव पडले. हे औषध नव्हे, संप्रेरकही नव्हे. आपले यकृत व मूत्रपिंडे मिळून तो रोज थोडा थोडा बनवितात आणि उरलेला आपल्याला मासळी व मांस यांतून मिळतो. प्रौढ माणसाच्या शरीरात तो साधारण शंभर ते सव्वाशे ग्रॅम असतो. त्यातील बहुतांश भाग स्नायूंत, तर काही भाग मेंदू व हृदयात असतो. व्यायामपटू जी क्रिएटिनची पूड घेतात, तोच हा पदार्थ.

त्याचे काम समजण्यासाठी भारनियमनाचे दिवस आठवावेत. वीज असते तेव्हा इन्व्हर्टरची बॅटरी गुपचूप भरत राहते. वीज जाताच घरातले दिवे त्या बॅटरीवर चालतात. इन्व्हर्टर स्वतः वीज निर्माण करीत नाही, परंतु वीज परत येईपर्यंतचा अंधार तो टाळतो. पेशींमध्ये क्रिएटिन नेमके हेच करते. पेशींचे चलनी इंधन म्हणजे एटीपी हा रेणू. प्राणवायू मुबलक असतो तेव्हा एटीपीतील ऊर्जेचा काही अंश क्रिएटिन स्वतःकडे फॉस्फेटच्या रूपाने ठेवून घेते. प्राणवायू तुटला की तोच फॉस्फेट परत देऊन ते एटीपी पुन्हा तयार करते, आणि यासाठी प्राणवायूची गरज पडत नाही. बॅटरी जितकी भरलेली, तितका वेळ दिवा तेवत राहतो.

जन्मसमयी प्राणवायू तुटणार आहे की नाही, हे आधी कोणालाच सांगता येत नाही. मग प्रत्येक बाळाची ही बॅटरी आधीच भरून ठेवली तर? मोनाश विद्यापीठ आणि हडसन संशोधन संस्था येथील डेव्हिड वॉकर, हेली डिकिन्सन, स्टेसी एलरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न विचारला.

काटेरी उंदराची साक्ष

त्यांनी प्रयोगासाठी निवडला तो काटेरी उंदीर. इजिप्त व मध्यपूर्वेच्या खडकाळ प्रदेशात आढळणारा हा छोटा प्राणी सर्वसाधारण उंदरापेक्षा वेगळा आहे. नेहमीच्या उंदराची पिले डोळे मिटलेली, केसविरहित अशी जन्मतात. काटेरी उंदराची मादी मात्र सुमारे ३९ दिवस गर्भ वाढविते, एका वेळी दोन-तीनच पिलांना जन्म देते, आणि जन्मतःच ती पिले अंगावर केस असलेली व चालती-फिरती असतात. त्यांचे बरेचसे अवयव मानवी बाळाप्रमाणे गर्भातच पक्व होतात. शिवाय या प्राण्याचा गर्भ गर्भकाळाच्या अगदी अखेरपर्यंत स्वतःचे क्रिएटिन बनवू शकत नाही. तो सर्वस्वी मातेवर अवलंबून असतो, असेही याच संशोधकांना आढळले.

गर्भकाळाच्या मध्यापासून काही माद्यांच्या खाद्यात पाच टक्के क्रिएटिन मिसळण्यात आले. प्रसूतीच्या आदल्या दिवशी पिलांचा प्राणवायू सुमारे साडेसात मिनिटे तोडण्यात आला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन गोष्टी दिसल्या : मातेने खाल्लेले क्रिएटिन वारेतून गर्भाच्या मेंदू, हृदय आदी अवयवांपर्यंत पोहोचले होते, आणि अशा मातांची अधिक पिले जगली व नंतर अधिक चांगली वाढली. २०११ साली याच गटाने दाखविले की जगलेल्या पिलांच्या मेंदूला झालेली इजाही कमी होती. पुढे श्वासपटल, स्नायू आणि मूत्रपिंडे यांच्याबाबतीतही अशीच संरक्षक चिन्हे आढळली. अलीकडच्या काळात मेंढीच्या गर्भावरही अभ्यास झाले आणि प्राणवायू तुटल्यावर मेंदूवर पडणारा ताण क्रिएटिनमुळे कमी झाल्याचे दिसले.

मुक्या प्राण्यांवरील प्रयोगांविषयी काहींच्या मनात शंका येईल. सृष्टीचा उपभोग क्रूरपणे घेण्याचा अधिकार माणसाला नाही. मात्र मानवी जीव वाचविण्यासाठी, वाजवी मर्यादा पाळून केलेले असे प्रयोग नैतिकदृष्ट्या मान्य होऊ शकतात, अशी ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाची शिकवण आहे.

आशा आणि सावधानता

येथे आम्ही वाचकांना थोडे थांबण्याची विनंती करतो. उंदरामध्ये जे घडले ते मानवी मातेच्या बाबतीत घडेलच असे नाही. २०१४ साली कॉक्रेन या प्रतिष्ठित संस्थेच्या समीक्षेत याविषयी मानवी गर्भवतींवर पूर्ण झालेली एकही तुलनात्मक चाचणी आढळली नाही. त्यानंतर मेलबर्न येथे गर्भवतींच्या रक्त व लघवीतील क्रिएटिनची मोजणी करणारे अभ्यास झाले. मातेच्या शरीरातील क्रिएटिनचे कमी प्रमाण आणि बाळाची खुंटलेली वाढ यांचा संबंध असावा, असे काही संकेत त्यांतून मिळाले. परंतु संकेत म्हणजे सिद्धता नव्हे. गर्भवतींनी क्रिएटिन घ्यावे अशी शिफारस आजच्या प्रचलित वैद्यकीय मार्गदर्शनात नाही.

म्हणून कोणीही हा लेख वाचून व्यायामशाळेतील पुडीचा डबा गर्भवती सुनेसमोर ठेवू नये. अशा डब्यांत क्रिएटिनखेरीज आणखी काय मिसळले आहे याची खात्री नसते. औषध म्हणून असो वा पूरक आहार म्हणून, गरोदरपणात डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून काहीही घेणे म्हणजे दोन जिवांशी खेळ होय. संशोधक स्वतः चाचण्यांची वाट पाहत आहेत, आपणही तितका संयम बाळगला पाहिजे.

मग या संशोधनाचा आपल्याला उपयोग काय? त्याने एक सत्य नव्या प्रकाशात आणले. माता जे खाते ते केवळ बाळाचे वजन वाढवीत नाही, तर संकटाच्या घटकेला तोंड देण्याची शिदोरीही त्याच्या पेशींत बांधून देते. आणि या शिदोरीतील काही वस्तू अशा आहेत की, ज्यांना नव्या चाचणीची गरज नाही. त्या आजच आपल्या हाताशी आहेत.

हाती असलेली लाल गोळी

प्राणवायू बाळापर्यंत पोहोचविणारे वाहन म्हणजे मातेच्या रक्तातील हिमोग्लोबिन, आणि हिमोग्लोबिन बनते लोहापासून. गरोदरपणात मातेच्या रक्ताचे आकारमान जवळजवळ दीडपट होते आणि लोहाची गरज मोठ्या प्रमाणात वाढते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५२.२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय असल्याचे आढळले. म्हणजे दर दोन मातांपैकी एकीचे रक्त बाळाला पुरेसा प्राणवायू देण्याच्या कामात आधीच थकलेले आहे.

यावरील उपाय शासकीय आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतो. ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असलेली लाल गोळी गरोदरपणात रोज एक याप्रमाणे किमान १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस घ्यावयाची असते. आशाताई ती घरी आणून देतात, परंतु पुष्कळ घरांत ती फडताळातच पडून राहते. मळमळते, शौचास काळे होते, गोळीने बाळ मोठे होऊन बाळंतपण अवघड जाईल, अशी कारणे ऐकू येतात. शौचाचा रंग काळा होणे निरुपद्रवी आहे. मळमळ होत असल्यास गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी. चहाबरोबर ती घेऊ नये, कारण चहामुळे लोह शरीरात नीट शोषले जात नाही. लिंबू किंवा आवळा यांमुळे ते अधिक शोषले जाते. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी.

कॅल्शियमचेही महत्त्व कमी नाही. ज्यांच्या आहारात ते अपुरे असते अशा मातांना ते दिल्यास गरोदरपणातील घातक रक्तदाबाचा धोका घटतो. हाच रक्तदाब वारेचा रक्तपुरवठा आटवितो, हे आपण वर पाहिले. याविषयीच्या एका मोठ्या अभ्यासात बंगळुरू येथील सेंट जॉन्स संस्थेच्या संशोधकांचा वाटा आहे, हे नमूद करताना आम्हाला आनंद वाटतो. भारतीय कॅथोलिक बिशप परिषदेने १९६३ साली हे वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात भारतातील सुमारे ११,००० गर्भवतींचा सहभाग होता. रक्तदाबाच्या त्या विकारापासून रक्षण करण्यात रोजचे ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम १५०० मिलिग्रॅमच्या तुलनेत उणे पडत नाही, असे त्यात दिसून आले. टांझानियातील तितक्याच मोठ्या अभ्यासातही या विकाराबाबत तेच आढळले. गरिबाला परवडेल असा उपाय शोधणे, हीदेखील एक प्रेषितीय सेवाच होय.

ख्रिस्तसभा काय म्हणते?

गर्भातील जीवाविषयी ख्रिस्तसभा बोलू लागली की तिच्या तोंडी फक्त नकार असतो, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाही. विश्वास-सिद्धान्त मंडळाने १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘दोनुम विते’ या पत्रकात गर्भावरील उपचारांना स्पष्ट मान्यता दिली आहे. अट एवढीच की, त्या उपचाराने गर्भाच्या जीवनाचा व अखंडतेचा मान राखला जावा, त्यात प्रमाणाबाहेर धोका नसावा, आणि हेतू त्याला बरे करण्याचा असावा. गर्भातील बाळ हाही एक रुग्ण आहे, त्यालाही वैद्याची सेवा मिळण्याचा हक्क आहे, हे यातून ध्वनित होते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २५ मार्च १९९५ रोजी, देवदूताच्या निरोपाच्या सणाच्या दिवशी, ‘जीवनाचे शुभवर्तमान’ हे विश्वपत्र दिले. त्यातही जीवनाचे रक्षण म्हणजे केवळ हत्येला विरोध नव्हे, तर जीवनाची सेवा, हाच विचार प्रामुख्याने येतो.

लूकच्या शुभवर्तमानात मरिया डोंगराळ प्रदेशातील आपल्या नातलग एलिझाबेथकडे घाईने जाते तो प्रसंग आपण जपमाळेच्या आनंदाच्या दुसऱ्या रहस्यात नेहमी चिंतितो. एलिझाबेथच्या उदरातील बाळाने आनंदाने उडी मारली, हे आपल्याला आठवते. परंतु मरिया तेथे सुमारे तीन महिने राहिली, हे आपण विसरतो. उतारवयातील गर्भवतीच्या घरात एक तरुण मुलगी तीन महिने राहते, ती काय करीत असेल? पाणी भरले असेल, दळण दळले असेल, भाकरी भाजून तिच्यापुढे ठेवली असेल. गर्भातील योहानाची सेवा त्याच्या आईच्या ताटातूनच झाली असणार.

घराने करावयाची सेवा

तेव्हा ही जबाबदारी एकट्या गर्भवतीची नाही. आपल्या घरांत सर्वांना वाढून झाल्यावर तळाशी उरलेले ती खाते, मासळीचा तुकडा पुरुषांच्या व मुलांच्या ताटात जातो, ही रीत बदलली पाहिजे. डाळी, पालेभाज्या, अंडी, मासळी यांचा पहिला वाटा तिचा. प्रायश्चित्तकाळातील उपवासाचा नियम ज्यांच्या प्रकृतीला अपाय होईल त्यांना बांधत नाही, हे नीतिशास्त्राचे जुने तत्त्व आहे. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या मातांनी त्याविषयी मनात अपराधीपणा बाळगू नये. मशेरी व तंबाखू यांपासून तिने दूर राहावे. शेवटच्या तीन महिन्यांत पाठीवर न झोपता कुशीवर झोपावे. बाळाची हालचाल मंदावल्यासारखी वाटली तर “उद्या बघू” असे न म्हणता तत्काळ रुग्णालय गाठावे. आणि प्रसूती जेथे बाळाला श्वास देण्याची साधने व प्रशिक्षित हात आहेत तेथेच व्हावी.

शेवटी, ज्या मातांच्या पदरी असे दुःख आधीच आलेले आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. “मी काही खायचे राहिले का? माझेच काही चुकले का?” हा प्रश्न त्या वर्षानुवर्षे मनात घोळवितात, आणि कधी कधी घरची माणसेही तो निष्ठुरपणे विचारतात. नाळ दाबली जाणे, वार सुटणे हे मातेच्या हातात नसते. सर्व काळजी घेऊनही असे प्रसंग येतात, म्हणूनच तर जगभरचे संशोधक अजून झटत आहेत. त्या मातांना दोष देऊ नये, त्यांना आधार द्यावा. अशा बालकाला वाढविणारी घरे आपल्या धर्मग्रामात आहेत. त्यांच्या दाराशी आपली पावले वळतात का, याचाही आपण विचार करावा.

मेलबर्नच्या संशोधकांच्या प्रयत्नांना यश येवो, आणि तोपर्यंत आपल्या हाती असलेली लाल गोळी व भरलेले ताट एकाही गर्भवतीला चुकू नये. प्रसूतिगृहाच्या दाराशी विचारलेल्या त्या पहिल्या प्रश्नाला प्रत्येक घरात “होय, रडले” हेच उत्तर मिळो, अशी आम्ही देवमातेच्या मध्यस्थीने प्रभुचरणी प्रार्थना करतो.